टेबल सॉसाठी ४५ अंशांचा स्लेड: चौथा कोपरा काही जुळेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोटो फ्रेमचे कोपरे कापायला टेबल सॉचा (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीचा) स्लेड, म्हणजे लाकूड ठेवून पात्यावरून सरकवायचा पाट, बनवतोय. १२ मिमी प्लायचा तळ, टेबलाच्या खाचांतून सरकणारे कडक लाकडाचे दोन रनर, पुढे-मागे एकेक जाड आडवी पट्टी. इथवर जमलंय. स्लेड डगमगत नाही, पातं टेबलाशी काटकोनात आहे.

अडलंय ते तिरक्या फेन्सपाशी (कापायचं लाकूड जिला टेकवतात ती आडपट्टी). कोनमापकाने ४५ अंश लावून एक फेन्स बसवली. एकेक काप सुटा बघितला तर झकास, पण चार बाजू जुळवल्या की तीन कोपरे घट्ट आणि चौथा आ वासून उभा! शिवाय कापताना फ्रेमची पट्टी फेन्सवरून किंचित सरकते. पुढेमागे षटकोनी ट्रेही करायचा आहे, त्याला हाच स्लेड चालेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप एकाच दिशेने पाव अंश चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यात पूर्ण २ अंश जमा होतात. आणि साध्या कोनमापकावर पाव अंश कुठला दिसायला?

म्हणून ४५ च्या मागे लागूच नका. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फेन्स लावा आणि त्या दोघींमधला कोन नेमका ९० ठेवा. मग स्लेडवर त्या जरा तिरक्या बसल्या तरी बिघडत नाही. एकीवर ४४.८ पडला तर दुसरीवर आपोआप ४५.२ पडतो, बेरीज ९० च. अट एकच: प्रत्येक पट्टीचं डावं टोक एका फेन्सवर आणि उजवं टोक दुसऱ्या फेन्सवर कापायचं. सपाट पट्टी उलटी करून दोन्ही टोकं एकाच फेन्सवर कापली की चूक दुप्पट होते. तुमचं तेच होत असावं.

९० तपासायला एका फेन्सवर ३०० मिमी, दुसरीवर ४०० मिमी खूण करा. तिरकं अंतर बरोबर ५०० भरलं पाहिजे. गुण्यावर (सुताराच्या काटकोनी मापावर) भरवसा ठेवण्याआधी त्याचीही परीक्षा घ्या: प्लायच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, गुण्या पालथा करून त्याच जागी परत मारा. रेघा फाकल्या तर गुण्या बाद.

फेन्सला डिंक लावू नका. एका टोकाला एकच स्क्रू, दुसरं टोक क्लॅम्पने धरा, भंगार लाकडावर काप घेऊन बघा, मगच दुसरा स्क्रू. आणि कोन कितीही अचूक असला तरी समोरासमोरच्या बाजू समान लांबीच्या नसतील तर फट राहणारच. स्टॉप ब्लॉक (पट्टीचं टोक टेकवून दर वेळी तीच लांबी मिळवायचा ठोकळा) हवाच.

प्रतिसाद २

पट्टी सरकते कारण तिरक्या कापात पातं तिला फेन्सच्या लांबीच्या दिशेने ओढतं. फेन्सच्या तोंडावर १२० नंबरचा सँडपेपर चिकटवा आणि पट्टी टॉगल क्लॅम्पने (दांडा दाबला की घट्ट बसणाऱ्या पकडीने) दाबा. नुसत्या हाताने धरणं मला पटत नाही, विशेषतः छोटा तुकडा असेल तर.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, उद्याच दुसरी फेन्स लावतो. षटकोनाचं काय करू?

प्रतिसाद १

तळ तोच, फेन्स वेगळ्या. षटकोनाला प्रत्येक टोक ३० अंशांनी तिरकं लागतं, म्हणजे फेन्स पात्याशी ६० अंशांत आणि दोघींमधला कोन १२०. आखायला कोनमापक नको: पात्याच्या रेषेवर २८८.७ मिमी, तिच्याशी काटकोनात ५०० मिमी, दोन टोकं जोडा.

प्रतिसाद २

एक राहिलं. पातं मागच्या पट्टीतून जिथे बाहेर येतं तिथे जाड लाकडी ठोकळा चिकटवा, काप संपताना अंगठा नेमका तिथेच असतो. त्या ठोकळ्यात आणि पात्याच्या वाटेवर कुठेही स्क्रू नको.