मदत हवी आहे : हान्ना (१९१६) ते अल अलामीन (१९४२), ऑकिनलेक यांच्या निर्णयांविषयी

नमस्कार. आमच्या तालुक्यातील माजी सैनिकांच्या वार्षिक अंकासाठी मी ब्रिटिश भारतीय सेनेतील फील्ड मार्शल सर क्लॉड ऑकिनलेक यांच्यावर लेख लिहीत आहे. त्यांचीच निवड करण्याचे कारण घरचे आहे. माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते आणि ७ डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले होते. त्यांना सोडवण्यासाठी तैग्रिस नदीच्या काठाने जी फौज निघाली, तिच्यातील ६२ व्या पंजाबी पलटणीत ऑकिनलेक होते.

२१ जानेवारी १९१६ रोजी हान्ना येथे या फौजेने पावसात, चिखल तुडवत, पुरेशा तोफांविना तुर्की खंदकांवर समोरून हल्ला चढवला. कूतमधील शिधा संपत आल्याचे कळवले गेल्यामुळे घाई झाली होती. त्या एका दिवसात सुमारे २,७०० माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. प्रत्यक्षात कूत आणखी तीन महिने तग धरून राहिले आणि २९ एप्रिलला सुमारे १३,००० जण शरण गेले. आमच्या घरात या वेढ्याच्या आठवणी उपासमारीच्या आहेत. बाहेरून आलेल्यांनी काय सोसले, ते मला हा लेख लिहायला घेतल्यावरच उमगले.

आता १९४२ कडे येतो. २१ जूनला लिबियातील तोब्रुक हे बंदर शत्रूच्या हाती पडल्यावर मध्यपूर्वेतील ब्रिटिश फौजांचे सरसेनापती असलेल्या ऑकिनलेक यांनी २५ जूनला त्यांतील आठव्या सेनेची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि जुलैमध्ये जर्मन सेनानी रोमेलला इजिप्तमधील अल अलामीनपाशी थोपवले. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांना लगेच चढाई हवी होती. सप्टेंबरच्या मध्यापूर्वी ती शक्य नाही, असे ऑकिनलेक यांनी स्पष्ट कळवले आणि ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्यानंतर आलेल्या मॉन्टगोमेरी यांची चढाई सुरू झाली २३ ऑक्टोबरला, म्हणजे ऑकिनलेक यांनी मागितलेल्या मुदतीच्याही महिनाभर नंतर. हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

अपुऱ्या तयारीने केलेल्या हल्ल्याची किंमत हान्नाच्या चिखलात पाहिलेला माणूसच पुढे चर्चिलसारख्याला नकार देऊ शकला, अशी मांडणी मी केली आहे. परंतु तिला तडा देणारी एक गोष्ट आहे. २२ जुलै १९४२ रोजी त्यांच्याच हाताखालील २३ वे चिलखती ब्रिगेड, वाळवंटातील लढाईचा सराव झालेला नसतानाही, घाईने पुढे धाडले गेले आणि त्याचे बहुतेक रणगाडे नष्ट झाले. मग हान्नाचा धडा तेव्हा कुठे गेला? ऑकिनलेक यांच्याआधी आठव्या सेनेची सूत्रे सांभाळणारे जनरल रिची यांना त्या प्रमुखपदी नेमून तिथे इतके दिवस ठेवण्याचा निर्णयही त्यांचाच होता.

या काळाचा अभ्यास असणाऱ्यांनी कृपया सांगावे : जुलैमधील ते हल्ले लंडनच्या दबावाखाली झाले असे म्हणता येईल, की रोमेलची फौज थकलेली असतानाच तिला मोडावे हा ऑकिनलेक यांचा स्वतःचा हिशेब होता? दुसरे खरे असेल, तर मला लेखाचा मधला भाग नव्याने लिहावा लागेल आणि त्याची माझी तयारी आहे. तसेच कोणाच्या घरी कूतहून परतलेल्या मराठा पलटणींतील जवानांची पत्रे किंवा पेन्शनचे कागद असतील, तर त्यांतील मजकूर वाचायला मिळाल्यास मी ऋणी राहीन.