सहा वर्षांची दाढ पिवळी-तपकिरी आलीये, तुकडेही पडतायत. कॅप बसवू की काढून टाकू?

सईची_आई:
नमस्कार. मुलगी साडेसात वर्षांची. खालची उजवीकडची शेवटची दाढ हिरडीतून वर आली तीच पिवळट-तपकिरी. मला वाटलं ही नीट घासत नाही, म्हणून रोज रात्री मीच ब्रश हातात घ्यायचे, ती तोंड घट्ट मिटून घ्यायची, रडायची आणि मी रागवायचे. मग एक दिवस भाकरीचा कडक पापुद्रा चावताना दाढेचा तुकडाच पडला. खडूसारखा होता, चिमटीत धरला तर चुरा झाला. एका क्लिनिकमध्ये सिमेंट भरून घेतलं, इंजेक्शन देऊनही ती किंचाळत होती आणि दोन महिन्यांत सिमेंट निघून आलं. आता गार पाणी पीत नाही, दूध कोमट करून डाव्या बाजूने पिते, गाडीवर वारा लागला तरी गालावर हात ठेवते. वरच्या पुढच्या दातावरही एक पांढरा ठिपका आहे. घरचे म्हणतात दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप. एक डॉक्टर म्हणतात स्टीलची कॅप बसवा, दुसरे म्हणतात काढून टाकणंच बरं. गोड आमच्याकडे फार खात नाहीत, तरी असं का झालं कळत नाहीये, जिवाला घोर लागलाय.

नाशिकचा_बाबा:
ताई, ती दुधाची नाहीये. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे नवीन दाढ येते, तिच्या जागचा कुठलाच दात पडलेला नसतो म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडेही असंच झालं, पडेल पडेल म्हणत वर्ष घालवलं. पडायची वाट बघू नका.

वणीकर:
तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पोरांचे दात डागाळलेलेच येतात. पाणी तपासून घ्या, लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत, त्याच्या वर नको. आणि उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं.

मुलांचे_दात:
मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे. तोंडात बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही पण वर्णन एमआयएचचं वाटतंय, मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, म्हणजे दाढा आणि पुढच्या दातांचं कवच कच्चं राहणं. हे नाव २००१ साली पडलं, त्रास जुनाच आहे. जगभरात साधारण सात-आठ मुलांमागे एकाला कमी-जास्त प्रमाणात असतो. वणीकर म्हणतात तो फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडमुळे पडलेले डाग, वेगळा, त्यात डाग दोन्ही बाजूंना सारखे आणि बऱ्याच दातांवर पसरट, ढगासारखे असतात. इथे एखादी दाढ खराब तर शेजारची चांगली, आणि डागाची कड आखल्यासारखी स्पष्ट दिसते.

सईच्या आई, सगळ्यात आधी एक. हे तुमच्या घासण्याने किंवा न घासण्याने झालेलं नाही. या दाढांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंत आत जबड्यातच तयार होतं. चांगल्या इनॅमलमध्ये वजनाने ९६ टक्के खनिज असतं, इथे खनिज कमी आणि प्रोटीन जास्त राहतं, म्हणून दाढ वर येते तीच सच्छिद्र आणि चावण्याचा दाब पडला की तिचे टवके निघतात. जन्माच्या वेळचा त्रास, पहिल्या वर्षांतली आजारपणं, थोडी आनुवंशिकता अशी बरीच कारणं मिळून होतं, एकावर बोट ठेवता येत नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात वर आल्यावर उरतच नाहीत, त्यामुळे गेलेलं इनॅमल कुठल्याच पेस्टने परत येणार नाही. पण उरलेलं टिकवता येतं.

ब्रश लावला की ती रडते हा हट्ट नाही, तिला खरंच झणका बसतो. गार हवा-पाणी सच्छिद्र इनॅमलमधून आत पोचतं, नस सतत चिडलेली राहते, इंजेक्शन नीट चढत नाही तेही याचमुळे. म्हणून मी आधी दाढ शांत करते, फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा पातळ लेप, लावते आणि वरून ग्लास आयोनोमरचं सिमेंट, ते थोड्या ओलाव्यातही धरतं. पुढचं काम नंतर. घरी मऊ ब्रश, कोमट पाणी, वाटाण्याएवढी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, थुंकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, ट्यूबवर वाचून घ्या.

आता कॅप की काढणं. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, प्रश्न वयाचा आहे. ही सहाव्या वर्षी आलेली पहिली दाढ काढली तर मागची बाराव्या वर्षी येणारी दुसरी दाढ सरकून तिच्या जागी येऊ शकते, पण खालच्या जबड्यात त्यासाठी वेळ साधावी लागते, साधारण वयाच्या ८ ते १० वर्षांत. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेमध्ये त्या दुसऱ्या दाढेची मुळं दुभंगायला लागलेली दिसली पाहिजेत. अक्कलदाढेचा अंकुर आहे का तेही बघायचं आणि ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, दाखवूनच ठरवायचं. उशीर झाला तर दाढ वाकडी येते आणि फट राहते. सई साडेसातची आहे, इतका भाग तुटला असेल तर मी आत्ता स्टीलची कॅप बसवेन, म्हणजे दुखणं थांबेल, ती नीट जेवेल, आणि नऊच्या आसपास एक्सरे बघून ठेवायची की काढायची ते ठरेल. नुसतं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, अशा इनॅमलवर कडेने सुटतं.

पुढच्या दाताच्या ठिपक्याची घाई नको. मोठी झाल्यावर तिला स्वतःला खुपला तर रेझिन इन्फिल्ट्रेशन (ठिपक्यात पातळ रेझिन मुरवणं) किंवा पातळसं कॉम्पोझिट करता येतं.

आरवची_मम्मा:
आमच्या मुलाच्या खालच्या दोन्ही दाढा नवव्या वर्षी काढल्या, आता तो बारा पूर्ण आहे, मागच्या दाढा पुढे आल्यात, एका बाजूला दोरा जाईल एवढीच फट आहे. पण त्याआधी दीड वर्ष स्टीलच्या कॅप होत्या आणि त्या दीड वर्षात त्याने कुल्फी खाल्ली, जी आधी हातात धरत नव्हता. कॅपच्या आधी दाढांच्या मध्ये रबराची बारीक रिंग अडकवतात जागा व्हायला, ती एखादा दिवस टोचते. कॅप बसल्यावर थोडे दिवस उंच लागते, वरणभात, खिचडी द्या.

सईची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी नळाचंच आहे. जन्मल्यावर सई आठ दिवस काचेच्या पेटीत होती, ते वाचताना आठवलं. काल रात्री तिला सांगितलं की तुझी चूक नव्हती, खरंच दुखत होतं ना, तर म्हणाली मी सांगत होते ना. मग कोमट पाण्याने ब्रश भिजवून दिला, तिने स्वतःच हळूहळू घासलं. शनिवारी सरकारी डेंटल कॉलेजच्या मुलांच्या विभागात नेतेय. ओपीजी तेव्हाच काढून घेऊ की नववं लागल्यावर?

मुलांचे_दात:
पूर्ण ओपीजी साडेआठ-नवाला. आत्ता फक्त त्या दाढेचा छोटा एक्सरे पुरे, कीड आतल्या नसेपर्यंत पोचली नाहीये ना ते कळायला. वरच्या आणि डावीकडच्या दाढाही दाखवा, अर्धवट वर आलेल्या असतील तर त्यांच्यावर आत्ताच ग्लास आयोनोमर लावून घ्या, तुकडा पडायच्या आधी.