‘रोड, मूव्ही’ अर्ध्यावर सोडलाय. पुढे बघू का? आणि त्याऐवजी काय बघू?

घाटउतार

मंडळी, काल रात्री देव बेनेगल यांचा ‘रोड, मूव्ही’ (2009) लावला. अभय देओल, जुनापुराणा शेव्हरोले ट्रक, ट्रकच्या पोटात प्रोजेक्टर आणि चहूकडे वाळवंट. एवढं ऐकल्यावर कोण थांबेल? बापाच्या केसांच्या तेलाच्या धंद्यात पडायचं नाही म्हणून पोरगा हा ट्रक समुद्रकाठच्या संग्रहालयात पोचवायला निघतो. वाटेत टपरीवरचा एक मुलगा, जत्रांमधून फिरणारा एक माणूस आणि एक भटकी बाई गाडीत चढतात. इथवर ठीक. पण बराच वेळ गेला तरी ही माणसं एकमेकांची कोण, यांना नक्की हवंय काय, काही पत्ता लागेना. दृश्यं झकास, पण पर्यटन खात्याच्या कॅलेंडरसारखी. शेवटी बंद केला.

तर प्रश्न दोन. पुढे काही दम आहे का? आणि महिनाअखेरीस आम्ही चौघं गाडीने कच्छला निघतोय, त्याआधी घरी एक रात्र प्रवासपटांची करायची आहे. काय लावू? मित्रमित्र भटकायला जातात छाप हिंदी सिनेमे कृपया सांगू नका, सगळ्यांचे संवाद पाठ आहेत.

पाणपोई

संपवा हो. पुरता दीड तासाच्या आसपासचाच आहे.

फसलाय हे मान्य, आणि कुठे फसलाय तेही दिसतं. बेनेगलांचा आधीचा ‘स्प्लिट वाइड ओपन’ (1999) पाहिलाय का? त्यात मुंबईतला पाणीधंदा आहे. राहुल बोसचं पात्र झोपडपट्टीत पाणी विकतं. कुणाचा नळ, कुणाचा हप्ता, हंड्यामागे कोण किती कमावतं, हे सगळं तिथे रोखठोक होतं. इथेही पाण्यावरच मारामारी आहे, पाणी अडवून बसलेला दादा आहे (यशपाल शर्मा), पण गावाला नाव नाही, विहिरीला मालक नाही. त्यामुळे तहानसुद्धा गोष्टीतल्या राक्षसासारखी वाटते, खरी वाटत नाही. प्रवासपटात रस्ता कुठून कुठे जातो हेच धूसर ठेवलं, तर नायक बदलला म्हणजे काय झालं? पटकथेत लिहिलं होतं म्हणून बदलला, एवढंच.

आता जमेची बाजू. एक, सतीश कौशिक. हा माणूस गाडीत चढला की संवादांना वजन येतं. आपण त्यांना वर्षानुवर्षं विनोदी नोकर म्हणून वाया घालवलं. इथे ते थकलेले, मिश्कील, थोडे लबाड आहेत, आणि तोंड न उघडताही प्रसंग पेलतात. दोन, मायकेल ब्रूकचं संगीत, कुठेही भावनेच्या नावाने गळा काढत नाही. तीन, ओसाड माळावर उभी राहणारी ती जत्रा. तो प्रसंग तुम्ही गाठायच्या आत बंद केलात असं दिसतंय. रसभंग नको म्हणून थांबतो.

उगाच_एक_आयडी

पाणपोई यांच्याशी असहमत. एका जत्रेसाठी अख्खा सिनेमा? त्यापेक्षा खरी जत्रा करून या. 😀

तंबूतला

जत्रेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझं लहानपण साताऱ्याकडचं. जत्रा भरली की टुरिंग टॉकीजच्या लॉऱ्या यायच्या. बरेच जण समजतात की मशीन तंबूत नेऊन मांडतात, पण ते लॉरीतच पक्कं बसवलेलं असायचं. लॉरी मागच्या अंगाने तंबूला लावायची आणि तिथून झोत थेट समोरच्या पडद्यावर. आम्ही जमिनीवर, बाया एकीकडे, बापे एकीकडे, मध्ये दोरी. मशीनमध्ये उजेडासाठी लावलेल्या कार्बनच्या कांड्या जळत जळत लहान व्हायच्या, ऑपरेटरचं जरा दुर्लक्ष झालं की नायिका काळवंडायची आणि तंबूभर शिट्ट्या. मशीन एकच असलं तर रीळ संपल्यावर अंधार. दुसरं चढेपर्यंत भोंग्यावर गाणी आणि शेंगावाल्याचा धंदा.

म्हणून ‘रोड, मूव्ही’ मला इतरांपेक्षा जरा जास्त सहन झाला. उघड्या रानात पडदा लागतो आणि समोरच्या माणसांचे चेहरे उजळतात, तेवढा वेळ तरी दिग्दर्शकाला आपण काय दाखवतोय हे नेमकं ठाऊक आहे. बाकी वेळ त्याला रूपक सापडायचं असतं.

घाटउतार, तुम्हाला खरं तर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) हवाय. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा माहितीपट, महाराष्ट्रातल्या याच फिरत्या टॉकीजवर. त्या वर्षी कान महोत्सवात माहितीपटांच्या पुरस्कारात त्याला विशेष उल्लेख मिळाला. गंजलेली लॉरी, अडलेलं मशीन, रिळं जाऊन डिजिटल येताना ऑपरेटर आणि मालकांची होणारी घालमेल, सगळं खरंखुरं. आणि एक म्हातारे मशीन-दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्यासाठी तरी बघाच.

पाणपोई

+१. हा मीच सुचवायला हवा होता.

कृष्णधवल

प्रोजेक्टर आणि ट्रक हीच जोडी हवी असेल, तर विम वेंडर्सचा ‘किंग्ज ऑफ द रोड’ (1976). एक माणूस ट्रकमधून गावोगावची सिनेमाची मशीनं दुरुस्त करत फिरतो, तेही तेव्हाच्या पूर्व-पश्चिम जर्मनीच्या सीमेच्या कडेकडेने. सुरुवातीलाच पाटी येते: ल्युनेबुर्ग ते होफ, जुलै ते ऑक्टोबर 1975, अकरा आठवडे चित्रीकरण. पटकथा जवळपास नव्हतीच, माणसं निघाली आणि वाटेत सिनेमा घडत गेला. तरीही रस्ता नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. बेनेगलांकडे याच्या उलट झालंय, गोष्ट सगळी आखलेली आणि रस्ता गायब.

यातला एक प्रसंग सांगतोच, रसभंग होणार नाही. मुलांचा खेळ सुरू व्हायचाय आणि पडद्यामागचा कर्णा बंद. दोघं तो दुरुस्त करायला मागे जातात, दिवा लागतो आणि त्यांच्या सावल्या पडद्यावर पडतात. मुलं हसायला लागतात. मग हे दोघंही शिडी, दोरी, धडपड असा मुका तमाशा सुरू करतात. निव्वळ धमाल.

दोन इशारे. जवळजवळ तीन तासांचा आहे, कृष्णधवल आहे. आणि एका प्रसंगात नायक उघड्यावर जे उरकतो ते कॅमेरा शांतपणे बघत राहतो, तेव्हा जेवताना लावू नका.

उगाच_एक_आयडी

तीन तास जर्मन?? चौघांतले तिघे कच्छला न जाता झोपून राहतील.

घाटउतार, ‘द स्ट्रेट स्टोरी’ (1999) लावा. डेव्हिड लिंचचा, पण घाबरू नका, यातलं सगळं कळतं. अमेरिकेतल्या आयोवातला म्हातारा आजारी भावाला भेटायला गवतकापणीच्या यंत्रावर बसून विस्कॉन्सिनला जातो. 1994 साली खरंच घडलेलं. चित्रीकरणही त्याच रस्त्याने, त्याच क्रमाने केलं होतं. म्हणून शेतं आणि ऊन हळूहळू बदलताना दिसतात.

कृष्णधवल

हे चांगलं सुचवलंत, भांडण मागे.

सहज_सुचलं

मराठी कुणीच नाही का सांगत? उमेश कुलकर्णींचा ‘हायवे’ (2015) आहे की. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वेगवेगळ्या गाड्या, त्यांतली माणसं. पात्रं जरा जास्त झाली आहेत, काहींचं काय झालं ते मला नीट आठवतही नाही. पण गाडीत बसल्यावर लोक जशी फोनवर बोलतात, एकमेकांना सहन करतात, ते अचूक पकडलंय.

घाटउतार

सगळ्यांचे आभार. आज उरलेला ‘रोड, मूव्ही’ पाहिला. जत्रेबद्दल पाणपोई बरोबर आहेत, सतीश कौशिकांबद्दल तर शंभर टक्के. शेवट मात्र फारच गोडगोड.

त्या रात्री आधी ‘सिनेमा ट्रॅव्हलर्स’ आणि मग ‘स्ट्रेट स्टोरी’ असा बेत ठरतोय. वेंडर्स मी एकटाच बघेन, जेवण झाल्यावर. तंबूतला, एक राहिलं: मशीन चालवायला वीज कुठून यायची? जनरेटर लॉरीबरोबरच असायचा का?

तंबूतला

हो, बरोबरच. पण तंबूपासून लांब उभा करायचे, नाहीतर त्याच्या धडधडीत संवाद ऐकू यायचे नाहीत. आम्हा पोरांना तो बंद पडला की जास्त आनंद, कारण त्या गडबडीत कनातीखालून आत शिरता यायचं.