अनुभव धागा: विज्ञान सांगायला गेलो आणि तोंडावर पडलो, असं कुणाकुणाचं झालंय?

सुरुवात मीच करते. कोल्हापुरात जुलैमध्ये चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, "किती फूट?" पंचगंगेच्या पाण्याला राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका हे पोराबाळांना पण पाठ आहे, पण क्युसेक म्हणजे काय ते विचारलं की सगळे गप्प. म्हणून एमएस्सीला असताना रील केलं. "घनफूट प्रतिसेकंद विसर्ग" वगैरे पुस्तकी मराठीत बोलले, ६१ व्ह्यूज, त्यातले निम्मे माझेच. आजी म्हणाली, "काय कळलं न्हाई बघ, पाणी आपल्या गल्लीत येतंय का तेवढं सांग." मग परत केलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला, हे नुसतं चुटक्या वाजवत सांगितलं. चार टँकर, चुटकी, चार टँकर, चुटकी. ते मात्र आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तीनदा फिरून मलाच परत आलं. आता तुम्ही सांगा.

शिरोलीकर
माझं उलटं झालं, चूक माझीच. हायवेवर पाणी आल्याचा व्हिडिओ घाईत फॅमिली ग्रुपवर टाकला, तो निघाला २०१९ च्या पुराचा. तोवर मावशीनं गहू-तांदूळ माळ्यावर चढवलेले, फ्रीज विटांवर. पर्यावरणशास्त्र शिकणारा भाचा म्हणून विश्वास ठेवला ना तिनं. तेव्हापासून तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय एक फोटो पण पुढं पाठवत नाही.

गंगावेस_बॉय
धामण सापावर पहिली पोस्ट लिहिली त्यात "अडाणी लोकांचा गैरसमज" असा शब्द वापरला. धामण म्हशीचं दूध पिते असं आमच्या घरातच मानतात, म्हणजे मी आज्ज्यालाच अडाणी म्हटलं की. चार दिवस बोलला नाही माझ्याशी. सापाचे दात मागं वळलेले, ओठ नाहीत, ओढून प्यायला जमतच नाही, हे सगळं बरोबर लिहिलेलं, पण ऐकणार कोण? मग दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलो तेव्हा म्हस पिळणाऱ्या काकांनाच विचारलं, कॅमेरा चालू ठेवून. ते हसले आणि म्हणाले, "आरं, नुसता हात बदलला तरी म्हस पान्हा सोडत न्हाई, सापाला काय सोडत्या?" झालं! माझे आठ परिच्छेद एका वाक्यात. आज्ज्यानं व्हिडिओ दोनदा बघितला, "व्हय, ते बी खरं हाय" म्हणाला. धामण उंदीर खाते, शेताची राखण करते, हे मग मलाच सांगाय लागला 😄

मिसळ_आणि_मायक्रोस्कोप
फार काही नाही, रंकाळ्यावर वाऱ्यात शूट करू नका, इअरफोनचा माइक शर्टच्या आत घाला.

केंदाळ
गणपतीच्या आधी हॉस्टेलवर दोन ग्लास ठेवले, एकात शाडूचा तुकडा, दुसऱ्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा. शाडू संध्याकाळपर्यंत गाळ होऊन खाली बसला, प्लास्टरचा तुकडा आठवड्यानं पण तसाच. रोज एक फोटो, खाली एक ओळ, बस. शिव्या आल्याच, आमच्याच सणाला का वगैरे. पण एकानं विचारलं, "आणि जयंती नाल्यातनं पंचगंगेत मैला जातोय त्याचं काय?" आधी टाळाटाळ म्हणून सोडून देणार होतो, पण भावानं मुद्दा बरोबर काढलेला. पुढचा भाग त्या नाल्यावरच केला आणि त्यालाच सोबत घेऊन गेलो. वास व्हिडिओत येत नाही हे नशीब.

धागा काढणारी
गंगावेस, त्या काकांच्या वाक्यावर जीव ओवाळून टाकावा! माझ्या टँकरवाल्या रीलवर अजून कमेंट येतात, परवाचीच एक: "ताई छान समजावलं, पण आता किती फूट?"