उत्तर: छोट्या मॉडेलवर विसंबू नका
गाडीला हवेचा विरोध किती होतो ते मोजायला कॉलेजच्या विंड टनेलमध्ये (मॉडेलवर जोरात हवा सोडायचा बोगदा) एक पंचमांश मॉडेल ठेवलं की झालं, असं इथे एकानं लिहिलंय, ते अर्धंच पटलं. रेनॉल्ड्स नंबर (आकार आणि वेग धरून हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) खऱ्या गाडीशी जुळवायचा तर मॉडेलवर हवा पाचपट वेगानं सोडावी लागते, म्हणजे गाडी २०० ला पळणार असेल तर टनेलमध्ये ताशी १००० किमी, आणि तिथे हवा दाबली जाऊन सगळं गणितच बदलतं. मॉडेलवरून दोन डिझाइनमध्ये कुठलं बरं एवढंच कळेल, खरा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, विसरा. आयआयटी कानपूरचा टनेल मोठा आहे, वस्तू ठेवायची जागा ३ मीटर बाय २.२५ ची, बाईक अख्खी मावते.

पण आम्हा इंदूरवाल्यांना पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचणीचं केंद्र शेजारीच, ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक! तिथे वेळ मिळाली तर कोस्टडाउन करा, वेग गाठून सरळ पट्ट्यावर न्यूट्रल टाकायचा आणि जीपीएस लॉगरवर वेग कसा उतरतो ते बघायचं, हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, टायरचा जवळपास तेवढाच राहतो, म्हणून दोन्ही वेगळे काढता येतात. ट्रॅकच्या समोरच्या बाजूच्या सरळ पट्ट्यावर गाडी उलट्या दिशेनं जाते, तिथेही हेच करा म्हणजे वाऱ्याचा परिणाम बराचसा कटतो. आणि हो, ड्रायव्हरसकट गाडीचं वजन आधी काट्यावर करून घ्या, त्याशिवाय विरोधाचा आकडाच निघत नाही.