स्वतःहून जागा बदलणारी बटणे आणि ज्येष्ठांचा मोबाइल वर्ग

प्रश्न : प्रतापनगर_वर्ग

नमस्कार. नागपुरात प्रतापनगर परिसरातील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर रविवारी सकाळी मी मोबाइल शिकवण्याचा वर्ग घेते. येणाऱ्यांत निवृत्त लिपिक, शिक्षिका, गृहिणी असे सगळेच आहेत आणि त्यांची चिकाटी पाहून मलाच हुरूप येतो. प्रत्येकाजवळ वही असते. ‘निळे चिन्ह दाबणे, मग वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा चौकोन’ अशा शब्दांत ते एकेक पायरी लिहून घेतात आणि घरी जाऊन सराव करतात.

अडचण अशी की वहीत लिहिलेले आठवडाभरात खोटे ठरते. मागच्या महिन्यात एका काकूंनी पैसे पाठवण्याच्या ॲपमधून वीजबिल कसे भरायचे ते व्यवस्थित टिपून घेतले होते. मधल्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या आणि मुलीच्या फोनचे रिचार्ज केले. तेवढ्यावरून ॲपने रिचार्जचे चिन्ह पुढे आणले, वीजबिलाचे चिन्ह ‘सर्व पाहा’च्या आत ढकलले आणि वहीतल्या जागी कर्ज देऊ करणारा चौकोन येऊन बसला. काकूंनी वहीबरहुकूम तोच दाबला, पॅन क्रमांक मागणारा अर्ज उघडला आणि त्यांनी घाबरून फोन बंद करून कपाटात ठेवून दिला. रविवारी मला म्हणाल्या, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल गं.’ त्यांचे काहीही चुकले नव्हते, पण हे त्यांना पटवून देण्यात माझा अर्धा वर्ग गेला.

दुसरी अडचण मला याहून गंभीर वाटते. शेजारी बसलेल्या दोघांच्या फोनवर तेच ॲप आणि तीच आवृत्ती असूनही पडदा वेगळा दिसतो. त्यामुळे फळ्यावर चित्र काढून सर्वांना एकदम शिकवता येत नाही, आणि एकाला जमलेले दुसऱ्याला सांगताही येत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे ज्येष्ठ मंडळी माझ्यापेक्षा एकमेकांकडूनच जास्त शिकतात.

‘ॲप तुमच्या सवयी शिकते, त्यामुळे तुमचे काम सोपे होते’ असे सांगितले जाते. हे खरोखर तपासून पाहिलेले आहे का? हे आपोआप होणारे बदल थांबवता येतात का? आणि ते थांबत नसतील, तर शिकवायचे कसे?

उत्तर १ : आराखडा

ताई, पडद्यांची रचना करणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या काकूंना आलेला अनुभव या क्षेत्रात फार जुना आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये असेच मेनू आणले होते. जे आदेश वापरणारा क्वचित वापरतो ते आपोआप लपत असत आणि खालच्या दुहेरी बाणावर दाबल्यावर किंवा थोडे थांबल्यावर पूर्ण यादी उघडत असे. हेतू चांगला होता, परंतु लोकांच्या तक्रारी येत राहिल्या. हवा असलेला आदेश नेहमीच्या जागी दिसला नाही की माणसाला तो आदेश उरलेलाच नाही असे वाटत असे. ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरच्या बाजूला बटणांची रुंद पट्टी आली, तेव्हा वर्ड आणि एक्सेलसारख्या प्रमुख प्रोग्रामांतून ही पद्धत गेली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगांतूनही मिळते. लिआ फिंडलेटर आणि जोॲना मॅकग्रेनिअर यांनी २००४ मध्ये तीन प्रकारच्या मेनूंची तुलना प्रसिद्ध केली : जागा कधीच न बदलणारा, स्वतःहून बदलणारा, आणि वापरणाऱ्याने हवा तसा बदलून घ्यायचा. स्थिर मेनू स्वतःहून बदलणाऱ्या मेनूपेक्षा वेगवान ठरला, आणि बहुतेक सहभागींनी पसंती दिली ती स्वतः बदलून घेता येणाऱ्या मेनूला. सोय करून द्यायची असेल, तर बदलाचा अधिकार वापरणाऱ्याच्या हाती असावा, असे मी तेव्हापासून धरून चाललो आहे.

यामागचे कारण असे. पडदा ओळखीचा असतो तेव्हा आपण वाचत नाही. हवी ती जागा आठवते आणि बोट तिकडे जाते. चिन्हांची संख्या वाढली तरी अशा निवडीचा वेळ थोडाच वाढतो. क्रम बदलला की एकेक चिन्ह पाहत जावे लागते, आणि मग जितकी चिन्हे जास्त तितका वेळ जास्त. तुमच्या वर्गातील निवृत्त लिपिकांना विचारून पाहा. शासकीय नोकरीसाठी मिनिटाला ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा त्यांनी दिली असेल, तर कळफलकाकडे न पाहता टंकण्याचा वेग त्यांनी कमावलेला आहे. प्रत्येक कळ वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली म्हणूनच तो वेग आला.

तुमची दुसरी अडचण ॲप बनवणाऱ्यांच्या फार क्वचित लक्षात येते. आवृत्ती एकच असली तरी कोणाला कोणता पडदा दाखवायचा हे आता सर्व्हरवरून, म्हणजे कंपनीच्या संगणकावरून ठरते. बरेचदा त्यात सवयींचा संबंधही नसतो. दोन रचनांपैकी कोणती अधिक दाबली जाते हे पाहण्यासाठी कंपनी काही लोकांना एक आणि काहींना दुसरी रचना दाखवत असते. या तुलनेत मोजले जाते ते एकेकट्या माणसाचे दाबणे. शेजारणीने शेजारणीला शिकवले की नाही, हे त्या मोजमापात कुठेच येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पैशांच्या, आरोग्याच्या आणि सरकारी कामांच्या ॲपांत मुख्य पडदा सर्वांना सारखा दिसला पाहिजे आणि तो स्थिर राहिला पाहिजे.

स्थिर म्हणजे गोठलेला नव्हे. क्रिस्टोफ गायोस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या कामात एक चांगला मार्ग दिसतो : वारंवार लागणारी बटणे वरच्या वेगळ्या पट्टीत दाखवायची, पण मूळ बटणे मूळ जागेवरच ठेवायची. ती पट्टी चुकली तरी काहीच हरवत नाही. तुमच्या काकूंच्या ॲपने मूळ चिन्हच उचलले, आणि दोष नेमका तिथे आहे.

उत्तर २ : स्पर्शवाचक

मला दिसत नाही. मी टॉकबॅक वापरतो, म्हणजे बोटाखाली आलेली गोष्ट फोन मराठीत वाचून दाखवतो. वरील चर्चेत एक बाजू जोडावीशी वाटते.

डोळस माणसाला चिन्ह हलल्याचे एका नजरेत कळू शकते, मला मात्र पडदा क्रमाने ऐकावा लागतो. उजवीकडे एकदा सरकवले की पुढची गोष्ट, पुन्हा सरकवले की त्यापुढची. ‘शीर्षकानंतर चौथे म्हणजे शिल्लक तपासणे’ असा क्रम माझ्या बोटांत बसलेला असतो, आणि मध्ये एखादा जाहिरातीचा चौकोन घुसला की त्यापुढचे सगळे एकेक घर सरकते. त्यातही त्या चौकोनाला नाव दिलेले नसेल, तर फोन नुसता ‘बटण’ म्हणतो. पैशांच्या ॲपमध्ये अनोळखी बटण दाबून पाहण्याचे धाडस मी करत नाही.

यासाठी नियम आधीपासून आहेत. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या सुलभतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत अशी अट आहे की अनेक पानांवर पुन्हा पुन्हा येणारे दुवे प्रत्येक पानावर त्याच क्रमाने आले पाहिजेत. अपवाद फक्त वापरणाऱ्याने स्वतः केलेल्या बदलाचा. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत मदतीचा दुवाही सर्व पानांवर त्याच क्रमाने ठेवण्याची अट आली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे आणि भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे सुलभतेचे मानकही आहे. पानापानांवर एकच क्रम राखणे आणि तोच क्रम दर आठवड्याला राखणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मान्य आहे, पण तक्रार लिहिताना या तत्त्वांचा आधार जरूर घ्यावा. ‘ॲप आवडत नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘अमुक पडद्यावर अमुक चिन्हाचा क्रम माझ्या कृतीशिवाय बदलला’ असे लिहिले, की निदान योग्य माणसापर्यंत पोहोचते.

उत्तर ३ : महालकर

वरील दोन्ही उत्तरे पटली, तरीही स्वतःहून जुळवून घेणाऱ्या सगळ्याच यंत्रणांना एका पंक्तीत बसवू नये, अशी विनंती आहे.

माझ्या आईला कंपवात आहे. फोनच्या कळफलकावर तिचे बोट ‘क’वर जाता जाता शेजारच्या अक्षरावर पडते. कळफलक मात्र आधीच्या अक्षरांवरून पुढचे अक्षर ताडतो, चुकीच्या जागी पडलेला स्पर्शही सांभाळून घेतो आणि नातवंडांची नावे तिने काही वेळा लिहिल्यावर आपणहून सुचवतो. तिच्या दृष्टीने एकही कळ जागची हललेली नसते, तरीही पडद्याआड कळफलक तिच्याशी जुळवून घेत असतो. हे नसते तर तिने संदेश लिहिणे केव्हाच सोडले असते.

आराखडा यांनी ज्या गायोस यांचा उल्लेख केला, त्यांनीच सहकाऱ्यांसह वॉशिंग्टन विद्यापीठात केलेले आणि २००८ मध्ये मांडलेले दुसरे काम याच बाजूचे आहे. हालचालींची अडचण असलेल्या प्रत्येक माणसाची आधी चाचणी घेऊन, त्याच्या हाताला झेपेल असा पडदा संगणकानेच तयार केला. अशा पडद्यावर त्यांचे काम सुमारे २६ टक्के जलद झाले आणि चुका ७३ टक्क्यांनी घटल्या. तो पडदा त्या माणसासाठी वेगळा होता, पण एकदा ठरल्यावर रोज हलणारा नव्हता. सर्वांना एकच पडदा असा आग्रह धरला, तर माझ्या आईसारख्यांची गैरसोय होईल.

उत्तर ४ : आराखडा

महालकर, आपले म्हणणे मी स्वीकारतो. माझ्या वाक्यात ‘सर्वांना सारखा’च्या पुढे ‘जोवर वापरणारा स्वतः दुसरा मागत नाही तोवर’ हे जोडावे. आईंचा कळफलक हे तर उत्तम उदाहरण आहे, कारण तिथे अंदाज चुकला तरी अक्षर पुसून पुन्हा लिहिता येते आणि कळा जागेवरच असतात.

उत्तर ५ : सीताबर्डी_दुरुस्ती

आमच्या दुकानात असे फोन रोज येतात, म्हणून थांबवता येण्याजोग्या गोष्टी सांगतो. पर्यायांची नावे कंपनीनुसार थोडी बदलतात.

होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये बहुतेक अँड्रॉइड फोनांत मांडणी लॉक करण्याचा पर्याय असतो. तो सुरू केला की चिन्हे चुकून ओढली जाऊन हलत नाहीत. तिथेच ॲप सुचवण्याचा पर्याय असल्यास तो बंद करावा, कारण सुचवलेल्या ॲपांची ओळ दिवसभरात बदलत राहते. काही फोनांत मोठी चिन्हे आणि कमी गोष्टी दाखवणारा सोपा मोडही असतो.

ॲपच्या आतली मांडणी मात्र आपल्या हातात नसते. त्यावर मी असा उपाय करतो : वीज कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता नीट तपासून बिल भरण्याचे पान क्रोममध्ये उघडतो आणि क्रोमच्या मेनूतून ते होम स्क्रीनवर जोडतो. ते चिन्ह जिथे ठेवाल तिथेच राहते. यूट्यूबवर सारखे तेच ते व्हिडिओ येतात अशी तक्रार असेल, तर पाहिलेल्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकावा. ऑगस्ट २०२३ पासून असे केल्यावर मुख्य पान जवळजवळ रिकामे दिसते आणि माणूस हवे ते स्वतः शोधतो. अनेक ज्येष्ठांना हे आवडल्याचे मी पाहिले आहे.

प्रतापनगर_वर्ग

सर्वांचे मनापासून आभार. बिलाचे चिन्ह होम स्क्रीनवर ठेवण्याचा उपाय पुढच्याच रविवारी करणार आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ॲप आपोआप अपडेट होणे बंद केले तर पडदा बदलणार नाही का? आणि काही संकेतस्थळांवर पान उघडल्यावर आपण दाबणार तोच सगळे खाली सरकते आणि भलतेच दाबले जाते, तेही या शिकण्यामुळेच होते का?

आराखडा

अपडेट बंद करू नका. पैशांच्या ॲपमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या अपडेटमधूनच येतात, आणि पडद्याची रचना सर्व्हरवरून बदलत असल्याने ते बंद करून फारसे हाती लागणारही नाही.

पान सरकण्याचे कारण वेगळे आहे. चित्र किंवा जाहिरात उशिरा येते आणि तिच्यासाठी जागा आधी राखून ठेवलेली नसते, म्हणून ती आल्यावर खालचा मजकूर ढकलला जातो. मराठी संकेतस्थळांवर फाँटमुळेही असे होते. आधी फोनमधला देवनागरी फाँट दिसतो, मग संकेतस्थळाचा फाँट उतरतो, आणि दोघांत ओळींची उंची वेगळी असली की परिच्छेद लांबतो किंवा आखडतो. गूगल २०२० पासून हे सरकणे मोजण्याचा एक अंक देते आणि तो ०.१ किंवा त्याहून कमी असावा अशी अपेक्षा ठेवते. याचा अर्थ ही चूक टाळता येण्याजोगी आहे आणि ती टाळणे बनवणाऱ्याचे काम आहे. तोवर वर्गात एवढे सांगा की पान उघडल्यावर वर-खाली होणे थांबेपर्यंत बोट लावू नये.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल माझी सूचना अशी आहे की वहीत जागेबरोबर बटणावरचा शब्दही लिहून घ्यावा. ‘दुसऱ्या ओळीतला तिसरा चौकोन’ याच्यापुढे ‘वीजबिल असे लिहिलेले’ ही नोंद असली, तर चिन्ह हलल्यावर शब्दावरून शोधता येते, आणि ॲपमध्ये शोधण्याचा चौकोन असल्यास तोच शब्द त्यात टाकता येतो. शेजारच्या फोनवर पडदा वेगळा असला तरी शब्द बहुधा तोच असतो, त्यामुळे एकमेकांना सांगणेही पुन्हा सुरू होईल. मात्र त्यासाठी सर्वांच्या ॲपची भाषा एकच ठेवा. काहींचे मराठीत आणि काहींचे इंग्रजीत असेल, तर आधी ते एकसारखे करून घ्या.