हॅझर्ड आणि रिस्क, दोन्हींना 'धोका'च?

अडलेली_भाषांतरकार:
संशोधन केंद्रात साठवलेल्या प्लुटोनियमच्या सुरक्षेवरचा अहवाल मराठीत करतेय. पूड श्वासातून फुप्फुसात गेली तर घातक, हा हॅझर्ड, आणि प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) २४,००० वर्षांच्या वर म्हणजे तो काही जात नाही. डबा फुटून ती पूड बाहेर यायची शक्यता किती, आली तर कुणाला किती बाधा, ही रिस्क, ती चांगला डबा वापरून कमी करता येते. मी पहिल्याला धोका आणि दुसऱ्याला जोखीम लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे धोका करून टाकलं. आता वाक्य झालंय 'धोका तोच राहिला तरी धोका कमी झाला'. सुचवा काहीतरी.

कोशवेडा:
जोखीमच ठेवा ताई. जोखणे म्हणजे वजन करणे, तोलणे. रिस्क तोलूनच बघायची असते, शब्दातच आहे ते.

सांजवेळ:
ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून वाटते. आमची आजी अंगावरच्या दागिन्यांना जोखीम म्हणायची, 'एवढी जोखीम घेऊन रात्रीची निघू नकोस'. त्या अर्थाने प्लुटोनियम हीच जोखीम, म्हणजे तुमची जोडी बरोब्बर उलटी होते!

निवृत्त_रसायनवाला:
शब्द नंतर ठरवा, आधी मजकूर बघा. हॅझर्ड तोच राहतो हे खरं नाही. त्यात थोडं प्लुटोनियम-२४१ असतं, अर्धायुष्य १४ वर्षं, त्याचं अमेरिसियम हे दुसरं मूलद्रव्य होतं आणि गॅमा किरण वाढतात, म्हणजे जुना डबा हाताळायला जास्त वाईट. शिवाय ही पूड म्हणजे प्लुटोनियम ऑक्साइड, त्याने ओल धरली की हायड्रोजन सुटतो आणि डब्यात दाब वाढतो, म्हणून अमेरिकेत पूड ९५० अंशांना भाजून एकात एक अशा दोन वेल्ड केलेल्या डब्यांत भरतात. आणि तिसरा शब्द विसरलात, व्हल्नरेबिलिटी. १९९४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने साठे तपासले तेव्हा मोजल्या त्या व्हल्नरेबिलिटीज, गंजलेले डबे, कुजलेलं प्लास्टिक, जुन्या इमारती.

सांजवेळ:
त्याला 'कच्चा दुवा' म्हणा ना.

निवृत्त_रसायनवाला:
चालेल. जपानमध्ये ओआराईच्या संशोधन केंद्रात २०१७ साली हेच झालं. वर्षानुवर्षं बंद असलेला डबा उघडला आणि आतली प्लास्टिकची पिशवी फुटली, पाच जणांच्या अंगावर पूड उडाली. आतल्या रेझिनवर किरणोत्सर्गाचा मारा होऊन वायू साचला होता. कच्चा दुवा ती पिशवी.

कोशवेडा:
सर, किरणोत्सर्ग नको, किरणोत्सार म्हणा. उत्सर्ग म्हणजे टाकून देणे.

निवृत्त_रसायनवाला:
अणू कण टाकूनच देतो की! संस्कृत सृज् धातू आहे तो, अगदी चपखल बसतो. तुमच्या उत्सारातला सृ म्हणजे नुसतं सरकणं.

सरळसोट:
हे घोळ हवेत कशाला? रिस्क, हॅझर्ड, रेडिएशन लिहा. तिथे काम करणारा माणूस हेच बोलतो, आणि सूचना त्याला पहिल्या झटक्यात कळायला हवी.

कोशवेडा:
मग पुढच्या पिढीला हे मराठीत कधी कळणार? रेडिएशनला 'प्रारण' आहे की, वापरलं तर रुळेल.

सरळसोट:
दारावर 'प्रारण' लिहिलेलं बघून किती जण थांबतील ते सांगा.

अडलेली_भाषांतरकार:
धोका-जोखमीचं राहिलंच हो, उद्या द्यायचंय.

कोशवेडा:
देतो. पण सर, सृ म्हणजे नुसतं सरकणं नाही, 'प्रसार' त्याच्यापासूनच आलाय.